गोंडांच्या गावातले प्राध्यापक

जमीन कसेल त्याची, असे आपण भाषणात म्हणतो. पण पटवाऱ्याचे दप्तर उघडले की जमीन असते ज्याच्या नावावर लागली आहे त्याची. या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकते, हे खेड्यातल्या माणसाला मी नव्याने सांगायला नको. आज मी ज्या विद्वानाविषयी बोलणार आहे, त्याने हे अंतर गावात मुक्काम ठोकून, घरोघर चौकशी करून मोजले. ते कमी करण्यासाठी सरकारी नोकरी पत्करली. आणि तीस वर्षांनी परत येऊन, आपण केलेल्या कामाचे काय झाले, तेही लिहून ठेवले. या विद्वानाचे नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. नाव जिभेला जरा जड आहे. आपण त्यांना नुसते हायमेनडॉर्फ म्हणू.

ज्या मुलुखात हे घडले तो आपल्या अगदी शेजारचा आहे. उत्तरेला पैनगंगा, ईशान्येला वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आणि मध्ये डोंगराळ, सागाबांबूच्या रानाचा प्रदेश. हा जुना आदिलाबाद जिल्हा. आज तो तेलंगण राज्यात आहे आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. पण १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जसा आपला मराठवाडाही होता. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट आणि चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा हे तालुके तेव्हा आदिलाबादमध्येच मोडत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते तिकडून निघाले. या रानात राजगोंड राहतात, कोलाम राहतात, परधान राहतात. चांद्याच्या गोंड राजांचे राज्य एके काळी इकडेही पोचलेले होते. गोंडांच्या गावप्रमुखाला पटेल म्हणत, आणि आठवडी बाजारात मराठी सर्रास चाले. सांगायचा मुद्दा असा, की ही कुठल्या दूरदेशीची हकीकत नाही.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली ऑस्ट्रियात, व्हिएन्ना शहरी, एका सरदार घराण्यात झाला. मानवशास्त्र, म्हणजे माणसांच्या समाजांचा, त्यांच्या चालीरीतींचा आणि जगण्याचा अभ्यास, हा त्यांचा विषय. १९३१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे लंडनला मालिनोव्स्की या नामवंत पंडिताच्या वर्गात ते बसले. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यात जाऊन राहावे, त्यांची भाषा शिकावी, असा मालिनोव्स्कींचा आग्रह असे. हायमेनडॉर्फ यांनी तो शिरोधार्य मानला. १९३६-३७ मध्ये ते ईशान्य भारतात कोन्याक नागांमध्ये जाऊन राहिले. १९३८ साली त्यांचे एलिझाबेथ बार्नार्डो यांच्याशी लग्न झाले. जवळचे लोक त्यांना बेट्टी म्हणत. पुढच्या सगळ्या फिरतीत, डोंगरात नि रानात, या बाई नवऱ्याच्या बरोबरीने होत्या.

१९३९ साली दोघे पुन्हा हिंदुस्थानात आले, आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया त्याआधीच जर्मनीने गिळंकृत केलेला, त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या हाती पारपत्र जर्मन. इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. पण त्यांना तुरुंगात न डांबता हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. बाहेर जायची बंदी, आत फिरायची मोकळीक. या नजरकैदेचे त्यांनी सोने केले असेच म्हटले पाहिजे. १९४० मध्ये ते नल्लमला डोंगरातल्या चेंचू लोकांत राहिले. नंतर गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोंडा रेड्डींकडे गेले. ठेकेदारांच्या लाकूडतोडीवर राबणारा हा समाज कर्जात कसा अडकतो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. आणि मग ते आदिलाबादच्या गोंडांकडे वळले.

त्याच सुमारास आदिलाबादेत रक्त सांडले होते. आसिफाबादच्या बाजूला, जोडेघाटच्या डोंगरात, कुमरम भीम नावाच्या गोंड पुढाऱ्याने जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी सरकारशी उभा दावा मांडला. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे काही साथीदार मारले गेले. आज तिकडच्या एका जिल्ह्याला त्याचे नाव आहे. त्या वेळी हैदराबादच्या दरबारी लोकांना मात्र कोडे पडले, की ही गरीब, बुजरी माणसे हत्यार घेऊन का उठली? दंगा मोडायला पोलीस पुरतात. दंगा का झाला हे कळायला गावात बसणारा माणूस लागतो. तो माणूस हायमेनडॉर्फ यांच्या रूपाने सरकारला सापडला.

उटनूर तालुक्यातल्या मारलवाई या गोंड गावी त्यांनी मुक्काम केला आणि गोंडी बोली आत्मसात केली. त्यांना काय आढळले ते नीट ऐकण्यासारखे आहे, कारण मराठी मुलुखातल्या कित्येक डोंगरी गावांची कहाणीही याच वळणाची आहे.

गोंड शेतकरी एकाच तुकड्याला जन्मभर चिकटून नसे. हलकी जमीन चार-दोन वर्षे पेरायची, तिचा कस उतरला की पडीक टाकायची, शेजारची नांगरायची, आणि काही वर्षांनी पहिल्या जमिनीकडे परतायचे. पडीक दिसणारी जमीन त्याच्या हिशेबी सोडलेली नसे, ती विसावा घेत असे. जमीन मुबलक होती, माणसे थोडी होती, तोवर हे सुरळीत चालले. सरकारला तो वर्षाचा सारा देई. महसुली भाषेत याला सिवाय जमाबंदी म्हणत. म्हणजे सरकारी जमिनीवर त्या वर्षापुरती लागवड, त्या वर्षापुरता सारा, आणि मालकी हक्क काही नाही. आजोबाने, बापाने आणि मुलाने तीच जमीन कसली, तरी कागदावर तिघेही उपरेच.

मग दोन बाजूंनी कोंडी झाली. एकीकडे जंगल खात्याने राखीव रानाच्या हद्दी आखल्या. विसावा घेणारी जमीन खात्याच्या माणसाला रान दिसली, आणि ती हद्दीत गेली. काही ठिकाणी रेषा गावाच्या कुसवापर्यंत आली. परवा जिथे नांगर धरला तिथे आज पाऊल टाकले तर गुन्हा. दुसरीकडे लोहमार्ग नि सडका झाल्या, काळ्या जमिनीतल्या कापसाला भाव आला, आणि बाहेरचे लोक जमीन शोधत आले. त्यांना कचेरी ठाऊक होती, अर्ज ठाऊक होता, पटवाऱ्याशी कसे बोलावे ते ठाऊक होते. त्यांनी रीतसर पट्टे करून घेतले. गोंडाला कळले तेव्हा तो आपल्याच शेतावर सालगडी झालेला होता. या येणाऱ्यांत तेलुगू मुलुखातले होते, तसेच आपल्या मराठी मुलुखातलेही होते. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण इतिहास सांगायचा तर सोयीचे तेवढेच सांगून चालत नाही.

वरून सावकार होताच. पेरणीला बी उचलायचे, सुगीला सवाई-दिढीने फेडायचे, फिटले नाही तर पुढच्या खळ्यावर बोजा चढवायचा. हा व्यवहार खेड्यात कुणाला समजावून द्यावा लागत नाही. ज्याला अंगठ्याखाली काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, त्याचे कर्ज फिटत नाही, एवढेच म्हणतो.

हायमेनडॉर्फ यांनी हे सगळे अहवालांतून मांडले. १९४५ साली हैदराबाद सरकारच्या महसूल खात्याने त्यांचे चार अहवाल एकत्र पुस्तकरूपाने छापले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की या लोकांना दयेची भीक नको आहे. कसत असलेल्या जमिनीवर त्यांचे नाव लावा, रानाच्या हद्दी पुन्हा तपासा, आणि मुलांना त्यांच्या भाषेत शिकवा. त्यांच्या सुदैवाने ऐकणारा अधिकारीही भेटला. संस्थानच्या महसूल खात्याची सूत्रे पुढे विल्फ्रेड ग्रिगसन यांच्याकडे आली. बस्तरच्या माडिया गोंडांवर त्यांनी स्वतः १९३८ साली ग्रंथ लिहिला होता. १९४४-४५ मध्ये हायमेनडॉर्फ काही काळ ईशान्य सीमेवर सुबनसिरी भागात सरकारी कामगिरीवर गेले. परतल्यावर निजाम सरकारने त्यांना आदिवासी आणि मागासवर्गीयांच्या कामाचे सल्लागार नेमले. उस्मानिया विद्यापीठात ते मानवशास्त्राचे प्राध्यापकही झाले. म्हणजे सकाळी वर्ग, दुपारी कचेरी, आणि संधी मिळाली की मारलवाई.

मग जमीन लावून देण्याचे काम सुरू झाले. याला तिकडे लावणी म्हणत. तमाशातली नव्हे बरे का. ही महसूल खात्यातली लावणी, नावावर जमीन लावून देण्याची. गोंड, कोलाम कुटुंबांना खास सवलतीच्या नियमांखाली पट्टे मिळाले. १९४० ते १९५० या दशकात आदिलाबाद जिल्ह्यात सुमारे अकरा हजार कुटुंबांना दीड लाख एकरांहून अधिक जमीन अशी नावावर झाली. एका दशकात, एका जिल्ह्यात. ज्यांच्या तीन पिढ्या कागदावर उपऱ्या होत्या त्यांच्या हातात पहिल्यांदा कागद आला.

पण तो कागद वाचणार कोण? इथे मी शिक्षक बंधुभगिनींचे विशेष लक्ष वेधतो. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी शिक्षण केंद्र निघाले. शिक्षक आणायचे कुठून, हाच मुळात प्रश्न होता. ज्यांना थोडेफार मराठी लिहितावाचता येत होते असे मोजके गोंड तरुण शोधले गेले, त्यांना शिकवून शिक्षक केले गेले. वाचनाची पुस्तके गोंडी भाषेत तयार झाली आणि ती देवनागरी लिपीत छापली गेली. मुलाने पहिले अक्षर आपल्या आईच्या भाषेत गिरवायचे, मग पुढच्या भाषा शिकायच्या, हा क्रम होता. पाहता पाहता गोंड गावांतून शाळा उभ्या राहिल्या. मारलवाईला शिकलेल्यांपैकी काही जण गुरुजी झाले, काही जण पटवारी, वनरक्षक अशा कामांना लागले. ज्या कचेऱ्यांची भीती वाटे त्या कचेऱ्यांत आपला माणूस बसला.

या कामात एक मराठी नाव आदराने घ्यायला हवे. सेतुमाधवराव पगडी. मराठ्यांच्या इतिहासाचे आणि फारसी साधनांचे जाणकार म्हणून त्यांना आपण ओळखतो. पण ते हैदराबादच्या मुलकी सेवेत अधिकारी होते आणि आदिलाबादच्या गोंडांमध्ये त्यांनी काम केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निलंग्यात जन्मलेला हा माणूस गोंडी शिकला, कोलामी शिकला, कोलामी भाषेचे व्याकरण त्याने लिहिले, आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. अधिकाऱ्याने रयतेची भाषा शिकावी याचा याहून चांगला दाखला शोधावा लागेल.

केसलापूरला पुष्याच्या अवसेला नागोबाची मोठी जत्रा भरते. गोंडांच्या मेसराम कुळाचे ते दैवत. एरवी हा माणूस तालुक्याच्या कचेरीची पायरी चढायला कचरतो. तेव्हा कचेरीनेच जत्रेत जावे, या कल्पनेतून तिथे अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला. मांडवात कलेक्टर बसायचे, लोकांनी गाऱ्हाणी मांडायची. १९४० नंतरच्या दशकात पडलेली ही प्रथा पुढेही टिकली.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात विलीन झाले. निजामी गेली, पण हे काम मोडीत निघाले नाही. १९४९ साली, म्हणजे १३५९ फसलीत, आदिवासी भागासाठी खास विनियम निघाला. लौकरच हायमेनडॉर्फ लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य विद्यांच्या शाळेत रुजू झाले. १९५१ साली तिथे ते प्राध्यापक झाले आणि १९७६ साली निवृत्त होईपर्यंत राहिले. नेपाळमधल्या शेर्पांवर त्यांनी केलेले कामही प्रसिद्ध आहे.

त्यांच्या विचारांना विरोधही होता, तोही सांगितला पाहिजे. आपल्या मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४३ साली त्यांनी पुस्तक लिहून प्रतिपादन केले, की आदिवासींना वेगळे काढून कुंपणात ठेवणे बरे नव्हे. ते मागे राहिलेले हिंदूच आहेत, त्यांनी इतर समाजात मिसळावे. हायमेनडॉर्फ यांचा कल संरक्षणाकडे होता. शिवाय कुणी म्हणेल, की एका अनियंत्रित राजवटीच्या पदरी राहून त्यांनी हे केले, आणि गोळीबारानंतरची मलमपट्टी म्हणून सरकारने ते करू दिले. या बोलण्यात तथ्य आहे. वरून दिलेला हुकूम वरून काढूनही घेता येतो. पण मिसळायचे तर बरोबरीने मिसळता आले पाहिजे. जमीन गमावून सालगडी म्हणून मिसळणे याला मिसळणे म्हणायचे की बुडणे, हा हायमेनडॉर्फ यांचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

१९७० नंतरच्या दशकात ते पुन्हा आदिलाबादेत आले. ओळखीची गावे, ओळखीची माणसे. काय दिसले? आदिलाबाद १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात गेला होता आणि गोंडी शाळांतून गोंडी हद्दपार होऊन तेलुगू आली होती. ज्या मुलाला घरी तेलुगूचा गंध नाही तो पहिल्याच इयत्तेत मुका होऊन बसे. जमिनीचे तर विचारूच नका. सडका वाढल्या तशी बाहेरून येणाऱ्यांची रीघ वाढली होती. कायदे नव्हते असे नाही. आदिवासी भागातली जमीन बिगर आदिवासीला देण्यावर बंदी घालणारा १९५९ चा विनियम होता, तो १९६३ मध्ये तेलंगण भागाला लागू झाला, आणि १९७० च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. पण व्यवहार कागदावर न येता होऊ लागले. कुठे तोंडी गहाण, कुठे बटाई, कुठे जुन्या कर्जापोटी ताबा. पूर्वी गोंडाच्या हातात जमीन होती आणि कागद नव्हता. आता पुष्कळांच्या हातात कागद होता आणि शेत दुसराच नांगरत होता.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली या बाजाराच्या गावी जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक याहून फार मोठा आकडा सांगतात. जोडेघाटनंतर एकेचाळीस वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, त्याच कारणाने. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, हायमेनडॉर्फ यांचे भारतातील जनजातींच्या जगण्याच्या झगड्यावरचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी काही झाकले नाही. आपल्या तरुणपणच्या योजनेचे यश जसे सांगितले, तसे ते यश कसे पाझरून गेले तेही सांगितले. विद्वान माणसे परत येऊन आपल्या कामाची झडती क्वचितच घेतात. मला त्यांच्या सगळ्या ग्रंथांत हा गुण थोर वाटतो.

मग सगळे वायाच गेले का? नाही. दोनदा गमावूनही गोंड पुन्हा उभे राहिले, ते मारलवाईच्या आणि तिच्या लेकी-शाळांच्या आधाराने. हक्काची भाषा बोलणारी, अर्ज लिहिणारी पिढी तिथूनच निघाली. पट्टा हिरावता येतो, अक्षर हिरावता येत नाही. बेट्टीबाई १९८७ साली हैदराबादेत वारल्या, तेव्हा त्यांना मारलवाईला मूठमाती दिली गेली. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले. २०१२ साली त्यांच्या अस्थी आणून पत्नीशेजारी ठेवल्या गेल्या. ११ जानेवारीला, बाईंच्या पुण्यतिथीला, गोंड तिथे जमतात. व्हिएन्नाच्या सरदारपुत्राला गोंडांच्या गावाने आपल्यात ठेवून घेतले.

आपल्या महाराष्ट्रातही आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७५ पासून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान् पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर नाव लावून घेण्याची वाट दिली. हे कायदे मोलाचे आहेत. पण आदिलाबादचा धडा असा, की कायदा गावात पोचतो तो वाचणाऱ्या माणसाच्या पायांनी. म्हणून किनवट, राजुरा, धडगाव, जव्हार अशा भागांत शिकवणाऱ्या गुरुजींना नि बाईंना माझी विनंती आहे. मोठ्या मुलांना कधीतरी एका तासाला सातबारा वाचायला शिकवा. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, इतर हक्कांत काय बोजा आहे, पीकपाहणीत कोण दिसतो. आणि पहिलीतल्या पोराशी निदान पहिले काही महिने त्याच्या घरच्या बोलीत बोला. मारलवाईला १९४३ साली याहून वेगळे काही केले नव्हते.